खानेसुमारी आणि तिसरा रकाना

२०११ सालच्या जनगणनेने भारताच्या एकशे एकवीस कोटी लोकसंख्येपैकी ४,८७,८०३ माणसे ‘इतर’ या सदराखाली दाखविली, आणि तेव्हापासून तृतीयपंथीयांसंबंधी शासकीय टिपणी लिहावयाची असो, न्यायालयात प्रतिज्ञापत्र रुजू करावयाचे असो वा वृत्तपत्राचा अग्रलेख सजवावयाचा असो, हा एकच आकडा, तोही शेवटच्या तीनापर्यंत बिनचूक, सर्वत्र उद्धृत होत आला आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यांतील ४०,८९१ माणसे येतात. आकडा जितका तपशीलवार तितकी त्याची छाप अधिक; आणि एकदा छाप पडली की त्याची उलटतपासणी घ्यावी असे फारसे कोणाच्या मनात येत नाही.

ती आपण येथे घेऊ. या ४,८७,८०३ जणांत सहा वर्षांपर्यंतची बालके ५४,८५४ आहेत, म्हणजे शेकडा सुमारे अकरा. देशाच्या एकूण लोकसंख्येत त्याच वयाच्या बालकांचे प्रमाण शेकडा साडेतेराच्या आसपास होते. ज्या सदरात माणसाने स्वतःविषयी जे जाणले त्याची नोंद व्हावयाची, त्या सदरात अद्याप धड बोलूही न लागलेल्या लेकरांचा वाटा सर्वसाधारण लोकसंख्येतील वाट्याच्या इतका जवळपास कसा निघावा? जन्मतःच शरीररचना वेगळी असलेली काही बालके त्यांत असतील हे मान्य. परंतु ती इतक्या संख्येने असतील, आणि त्यांच्या आईबापांनी ती गोष्ट दारात आलेल्या परक्या माणसाला मोकळेपणी सांगितली असेल, असे मानण्यास मन धजत नाही. त्यापेक्षा साधा खुलासा असा संभवतो की, ज्या प्रचंड कामावर सुमारे २७ लाख माणसे नेमलेली होती, त्यांत पाच-सहा जणांमागे एकाच्या हातून एकाच नावापुढे, एक किंवा दोन या संकेतांकाच्या जागी, तीन हा अंक चुकून पडला, तरी सबंध आकडा निव्वळ हस्तदोषातून उभा राहू शकतो. अर्थात तो सगळाच तसा उभा राहिला असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. उलट, घरच्या कर्त्या पुरुषाने ‘मुलगा आहे, लिहा पुरुष’ असे सांगून वाटेला लावलेल्या, किंवा घर सुटल्यामुळे कोणाच्याच यादीत न आलेल्या माणसांची संख्या मोठी असणार. म्हणजे जे नव्हते ते काही प्रमाणात मोजले गेले, जे होते त्यांतील पुष्कळ सुटले, आणि या दोन चुका एकमेकींत अशा मिसळल्या की आज त्या निवडून काढण्याचा कोणताही मार्ग उरलेला नाही.

आणखी एक गंमत, गंमत म्हणवत नाही तरी, अशी की जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात या माणसांना स्वतंत्र जागाच नव्हती. त्यांना पुरुषांच्या बेरजेत घालून टाकण्यात आले होते, आणि त्यांचे आकडे वेगळे काढून मांडण्याचे काम नंतर झाले. प्रश्नावलीत तिसरा रकाना उघडला गेला, पण कोष्टकात तो पुन्हा मिटला. सामाजिक संशोधनात पारलिंगी आणि नॉन-बायनरी व्यक्तींना सामावून घेणे याचा अर्थ ‘पुरुष’ आणि ‘स्त्री’ यांच्याखाली आणखी एक चौकट आखणे एवढाच आहे, अशी जी समजूत अनेक सद्धेतुक संशोधकांचीही असते, ती किती अपुरी आहे हे या एका उदाहरणावरून ध्यानी यावे. चौकट आखण्याचे काम सर्वांत सोपे. विचारणारा कोण, उत्तर देणारा कोण, कुटुंब कशाला म्हणावयाचे, नमुना कोठून घ्यावयाचा आणि आलेल्या उत्तराचे पुढे काय करावयाचे, हे खरे प्रश्न त्याच्या अलीकडे-पलीकडे पसरलेले असतात.

प्रथम उत्तर देणाऱ्याच्या बाजूने पाहू. दारात कोणी तरी कागद घेऊन उभे राहून ‘तुम्ही कोण?’ असे विचारते, त्या वेळी हा प्रश्न निरुपद्रवी वाटणे हेही एक सौभाग्यच आहे, आणि ते सर्वांच्या वाट्याला आलेले नाही. १८७१ साली इंग्रज सरकारने केलेला गुन्हेगार जमातींचा कायदा भटक्या-विमुक्तांच्या इतिहासामुळे मराठी वाचकांस परिचित आहे. परंतु त्याच कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता, हे तितकेसे परिचित नाही. तो भाग वायव्य प्रांत, अयोध्या आणि पंजाब येथे लागू झाला. सरकारला ज्यांचा संशय येईल अशांची नावे, राहण्याची ठिकाणे आणि मालमत्ता यांची नोंदवही ठेवावी, नोंदवहीतील माणूस सार्वजनिक रस्त्यावर स्त्रीवेषात दिसला किंवा नाचगाणे करताना आढळला तर त्याला वॉरंटावाचून पकडावे आणि दोन वर्षांपर्यंत कैद द्यावी, त्याला मूल दत्तक घेता येऊ नये, मृत्युपत्र करता येऊ नये, असा त्या कायद्याचा आशय होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानातही फसली १३२९ मध्ये अशाच धाटणीचा कायदा झाला, आणि मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तेलंगणात तो कायदा कागदोपत्री पुढे राहिला तो थेट २०२३ पर्यंत, आणि त्या साली तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला.

दख्खनेतील दप्तरांत याच्या आधीचे चित्र निराळे दिसते. मराठी राज्यात काही हिजड्यांना सनदेने जमीन आणि गावोगाव पैसा व धान्य गोळा करण्याचे हक्क मिळालेले होते, ते गुरूकडून चेल्याकडे चालत, आणि सरकारदरबारी त्यांची नोंदही असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारने या हक्कांची चौकशी करून ते पुढील पिढीस चालू ठेवण्याचे नाकारले. म्हणजे ज्या दप्तरात नाव असणे हे पूर्वी उपजीविकेचे प्रमाण होते, त्याच प्रकारच्या दप्तरात नाव येणे पुढील काळात उत्तरेकडे अटकेचे निमित्त झाले. नोंद होणे याचे हे दोन्ही अर्थ ज्या समाजाच्या स्मृतीत आहेत, त्याच्याकडून प्रगणकाच्या पहिल्याच प्रश्नाला निःशंक उत्तर मिळेल अशी अपेक्षा करणारा संशोधक एक तर फार भोळा असला पाहिजे, नाही तर त्याने आपल्या विषयाचा अभ्यास केलेला नसला पाहिजे. १९४८ च्या जनगणना अधिनियमाने वैयक्तिक नोंदी कोणालाही पाहता येऊ नयेत आणि त्या न्यायालयात पुरावा म्हणूनही चालू नयेत अशी तरतूद केलेली आहे; पण ही तरतूद उत्तर देणाऱ्याला सांगितली जाते किती वेळा?

आता प्रश्नाकडे येऊ. प्रश्न कसा विचारावा याचा एक बोधक धडा इंग्लंड आणि वेल्स यांच्या २०२१ च्या जनगणनेने घालून दिला आहे. तेथे सोळा वर्षांवरील व्यक्तींना प्रथमच, आणि ऐच्छिक म्हणून, असे विचारण्यात आले की आपण स्वतःचे जे लिंग मानता ते जन्माच्या वेळी नोंदलेल्या लिंगाशी जुळते काय. शेकडा ९४ लोकांनी उत्तर दिले आणि सुमारे २,६२,००० जणांनी, म्हणजे अर्ध्या टक्क्याने, ‘नाही’ असे सांगितले. प्रथमदर्शनी हे मोठे यशच वाटले. परंतु आकडे बारकाईने चाळले तेव्हा लंडनमधील न्यूहॅमसारख्या, बाहेरून आलेल्या लोकांची वस्ती मोठी असलेल्या भागांत हे प्रमाण सर्वाधिक निघाले, आणि इंग्रजी ज्यांना नीट अवगत नाही अशांपैकी काहींनी प्रश्नाचा अर्थ न समजताच उत्तर दिले असावे, अशी रास्त शंका उपस्थित झाली. ‘लिंग’, ‘मानणे’, ‘नोंदणे’ आणि ‘जुळणे’ एवढ्या सगळ्या कल्पना एकाच वाक्यात ओवून वर त्याचे उत्तर एका ‘नाही’त मागितले, की भाषा परकी असलेला माणूस अडखळणारच. अखेर २०२४ च्या सप्टेंबरात या आकड्यांचा अधिमान्य शासकीय सांख्यिकी हा दर्जा काढून घेण्यात आला. पारलिंगी व्यक्ती संख्येने थोड्या असल्यामुळे येथे गणिताचा एक क्रूर नियम लागू होतो: बहुसंख्याकांतील अगदी अल्प लोकांचा गैरसमज झाला, तरी तो अल्पसंख्याकांची खरी संख्या झाकून टाकण्यास पुरेसा होतो. आपल्याकडील ‘संकेतांक तीन’चीही कथा हीच.

कॅनडाने २०२१ सालीच एकाच्या जागी दोन साधे प्रश्न विचारले. जन्माच्या वेळी आपली नोंद काय झाली, हा पहिला. आज आपण स्वतःस काय म्हणवता, हा दुसरा, आणि त्यात स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहावयास मोकळी जागा. दोन्ही उत्तरे ताडून पाहिली की कोण कोणत्या गटात येतो ते संशोधकाला कळते, आणि उत्तर देणाऱ्याला कोणत्याही अनोळखी संज्ञेचे ओझे वाहावे लागत नाही. त्या गणनेत पंधरा वर्षांवरील १,००,८१५ व्यक्ती निघाल्या. त्यांपैकी ५९,४६० पारलिंगी आणि ४१,३५५ नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला केवळ पुरुष वा केवळ स्त्री न मानणाऱ्या. ही द्विपदी रीत निर्दोष आहे असे नाही. जन्माच्या वेळची नोंद विचारणे हे काहींना जखमेवरची खपली काढल्यासारखे वाटते, आणि जेथे तिची आवश्यकता नाही तेथे ती विचारूच नये. वाचनालयाच्या वापराची पाहणी करणाऱ्याला ती कशाला हवी? परंतु आरोग्याच्या पाहणीत ती हवी. पारलिंगी पुरुषाला गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची तपासणी लागू शकते ही गोष्ट एका रकान्यातून कळावयाची नाही. लिंगभेदाची शारीरिक माहिती गमावून बसू, अशी भीती जे व्यक्त करतात, त्यांनाही या दोन प्रश्नांतून आपले हवे ते मिळते. त्यांच्या आक्षेपाचा अधिक विस्तार करण्याची गरज दिसत नाही.

मराठीत ही पाहणी करावयाची तर अडचण आणखी एका बाजूने येते. ‘तुम्ही दवाखान्यात कधी गेला होतात’ की ‘गेल्या होत्या’, हे ठरविल्यावाचून मराठी माणसाला पुष्कळदा भूतकाळ बोलता येत नाही, त्यामुळे लिंगाचा प्रश्न प्रश्नावलीत दहाव्या क्रमांकावर असला तरी प्रगणकाने पहिल्याच वाक्यात त्याचे उत्तर गृहीत धरलेले असते, आणि समोरच्या व्यक्तीने ते ऐकलेलेही असते. जाणता प्रगणक प्रारंभीच ‘तुम्हांला कसे बोललेले आवडेल?’ असे विचारून घेतो, किंवा ‘दवाखान्यात कधी जावे लागले?’ अशी वाक्ये योजतो. उत्तरांच्या यादीचेही तेच. हिजडा, जोगता, कोती, तृतीयपंथी, पारलिंगी, ट्रान्स पुरुष ही एकाच वस्तूची अनेक नावे आहेत असे समजून त्यांना एका सदरात कोंबणे सोयीचे खरे. पण हिजडा म्हणजे गुरूकडून दीक्षा घेऊन घराण्यात दाखल झालेली व्यक्ती, जोगता म्हणजे यल्लमाला वाहिलेला आणि सौंदत्तीच्या वाटेवर कोल्हापूर-सांगलीकडे भेटणारा, तर पुण्यातील एखादा महाविद्यालयीन तरुण स्वतःला नॉन-बायनरी म्हणवतो तेव्हा तो यांपैकी कोणत्याच परंपरेचा दावा सांगत नसतो. त्यांचे उत्पन्न, शिक्षण, घराशी असलेला संबंध, दवाखान्यात मिळणारी वागणूक ही सारी निरनिराळी असतात. त्यांची सरासरी काढून हाती येणारी व्यक्ती पृथ्वीतलावर कोठेही राहत नाही.

कुटुंबाची व्याख्या हा तर या सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. आपल्याकडील जनगणना आणि बहुतेक पाहण्या एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांना एक कुटुंब मानतात, आणि मग कुटुंबप्रमुखाशी प्रत्येकाचे नाते लिहून घेतात. हिजड्यांच्या डेऱ्यात एका चुलीवर जेवणारी माणसे असतात, प्रमुख असतो, वडीलधाऱ्यांचा मान असतो, चेल्याने गुरूच्या म्हातारपणी करावयाची सेवा असते, कमाईचा वाटा असतो. नाही तो फक्त नात्याच्या यादीतील शब्द. यादीत पत्नी आहे, सून आहे, पुतण्या आहे. गुरू नाही, चेला नाही, गुरुभाऊ नाही. प्रगणक तेथे ‘असंबंधित’ असे लिहून पुढे जातो, आणि ज्या नात्यावर त्या माणसाचे सबंध अर्थकारण व आजारपण अवलंबून आहे, ते नाते दप्तराच्या लेखी अस्तित्वातच येत नाही. पुढे शिधापत्रिकेचा, वारसाचा किंवा वृद्धांच्या निर्वाहाचा विचार करणाऱ्या अधिकाऱ्याने कोणता आधार घ्यावा? तिसरा रकाना उघडताना नात्याची यादीही उघडावी लागते, हे अजून आपल्या नियोजकांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

नमुनानिवडीत आणखी एक विपर्यास घडतो. संशोधक जेथे माणसे सहज सापडतात तेथे जातो. म्हणजे डेऱ्यात, रेल्वेच्या डब्यात, सिग्नलपाशी किंवा एड्सप्रतिबंधक कार्य करणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात. मग त्याच्या अहवालात असे येते की या समाजातील बहुतेकांची उपजीविका भिक्षेवर किंवा देहविक्रयावर चालते, आणि वाचकाच्या मनातील जुनी समजूत शास्त्राचा शिक्का घेऊन घरी परतते. कारखान्यात काम करणारा, बँकेत कारकुनी करणारा, विशेषतः जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदलेला ट्रान्स पुरुष या जाळ्यात सापडत नाही, कारण त्याच्यासाठी डेऱ्यासारखी कोणतीही परंपरागत संस्था नाही, आणि लग्नासाठी घरच्यांचा तगादा चुकवण्यातच त्याची बरीच शक्ती खर्ची पडते. १९९७ साली अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी अशा लपलेल्या समूहांसाठी एक पद्धत मांडली: आरंभी थोड्या व्यक्तींना भेटावे, त्यांनी आपल्या ओळखीतील मोजक्या जणांना पाठवावे, त्यांनी आणखी काहींना, आणि कोणाची किती ओळख आहे हे लिहून ठेवून शेवटी त्यानुसार भार देऊन हिशेब करावा. केवळ ओळखीपाळखीने माणसे जमविण्यापेक्षा ती पुष्कळ शास्त्रशुद्ध आहे. मात्र पहिली माणसे सगळी एकाच डेऱ्यातील निवडली तर तीही फसते.

आतापर्यंत ‘संशोधक’ आणि ‘उत्तर देणारा’ हे दोन वेगळे इसम असल्यासारखे आपण बोलत आलो, ते सवयीने. तामिळ लेखिका ए. रेवती यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकासाठी आपल्याच समाजातील व्यक्तींच्या मुलाखती घेऊन त्यांची कथने एकत्र केली, आणि स्वतःचे आत्मचरित्र त्यांनी त्यानंतर लिहिले. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्टचे काम करता करता लैंगिकतेवर मराठीत जे विपुल लेखन केले, त्याने इंग्रजी न वाचणाऱ्या मराठी माणसाला या विषयाची दारे उघडून दिली. मुंबईच्या हमसफर ट्रस्टने आरोग्यविषयक संशोधनात समाजातील माणसांनाच प्रशिक्षित करून क्षेत्रकार्यावर पाठविले. अशा माणसांना न सांगता काही गोष्टी कळतात. शस्त्रक्रियेविषयीचा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत विचारावयाचा नसतो, आणि पुष्कळदा विचारावयाचाच नसतो. कुतूहल आणि संशोधन यांच्यातील सीमारेषा बाहेरच्याला ओलांडून झाल्यावर दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनी लैंगिक अल्पसंख्याकांची गणना विशेष संरक्षण द्यावयाच्या गटांत केली आहे. परंतु संरक्षण या नावाखाली त्यांना संशोधनातून वगळणे हा नीतिसमित्यांचा एक सोयीस्कर मार्ग होऊन बसतो, आणि तो त्यांना सामावून घेण्याच्या नेमका उलट आहे. शिवाय ज्यांचा दिवसभराचा वेळ आपण घेतो, त्यांना त्या दिवसाचा मोबदला द्यावा आणि निष्कर्ष त्यांच्या भाषेत परत नेऊन द्यावेत, हा शिष्टाचारही अद्याप आपल्याकडे रुळलेला नाही.

‘एवढ्या थोड्या माणसांसाठी एवढा खटाटोप कशाला?’ हा प्रश्न सभ्य बैठकीत सहसा उघड विचारला जात नाही, पण मनात असतो. त्याच २०११ च्या जनगणनेत पारशी ५७,२६४ निघाले आणि तो आकडा आपण आस्थेने वाचला. त्यांची गणती व्यर्थ आहे असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. मात्र थोडेपणामुळे एक खरे संकट उद्भवते ते प्रसिद्धीच्या वेळी. एखाद्या तालुक्यात तीनच व्यक्ती निघाल्या आणि त्यांचे वय, शिक्षण व आजार असे कोष्टक छापले, तर त्या तालुक्यातील कोणालाही ती माणसे ओळखता येतील. म्हणून लहान आकडे जिल्हा किंवा विभाग पातळीवर एकत्र करूनच छापावेत. एकत्र करावेत म्हणजे पुरुषांच्या बेरजेत घालावेत असे नव्हे.

रकान्याचा परिणाम कागदापुरता राहत नाही, हे महाराष्ट्राने २०२२ साली पाहिले. पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात पुरुष आणि स्त्री एवढेच पर्याय होते, त्यामुळे पारलिंगी उमेदवाराला अर्ज पुढे सरकवताच येईना. प्रशासकीय न्यायाधिकरणाने तिसरा पर्याय देण्याचा आदेश दिला, सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले, आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाने शारीरिक चाचण्यांचे नियम लवकर करण्यास सरकारला बजावले. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला होता, त्यास तेव्हा आठ वर्षे उलटून गेली होती. अर्ज तयार करणाऱ्याचा त्यात द्वेष असेलच असे नाही. जुन्या अर्जावरून नवा अर्ज तयार होतो, जुन्या प्रश्नावलीवरून नवी प्रश्नावली, आणि प्रत्येक नकलेबरोबर पहिल्या कारकुनाचे गृहीतक अधिकाधिक अढळ होत जाते.

पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरविण्यात आली आहे, आणि त्या वेळी कुटुंबांना आपली माहिती स्वतःच संगणकावर वा मोबाइलवर भरण्याची मुभा असणार आहे. प्रगणकाच्या हस्तदोषावर हा एक चांगला उतारा ठरावा. पण प्रत्येक सज्ञान व्यक्तीने आपापली माहिती वेगळी भरावी अशी सोय त्यात नसेल, तर मोबाइल ज्याच्या हाती तोच घरातील सर्वांचे लिंग ठरविणार, आणि तो बहुधा तोच कर्ता पुरुष असणार, ज्याने २०११ साली दारात उभे राहून ‘लिहा पुरुष’ असे सांगितले होते. कुटुंबाच्या यादीपासून वेगळा, व्यक्तीपुरता, गुप्त असा एक स्वतंत्र अर्ज मागता यावा, अशी सोय इंग्लंडच्या जनगणनेत आहे. सोळा वर्षांवरील कोणासही तो घरच्यांच्या नकळत मागवता येतो. आपल्याकडे ते अशक्य आहे असे तांत्रिक कारण तरी दिसत नाही. डेऱ्यांच्या बाबतीत स्थानिक कार्यकर्त्यांना आधी भेटून, गुरूंच्या संमतीने आणि त्या वस्तीची माहिती असलेल्याच प्रगणकाला पाठवून हे काम करावे लागेल. आणि प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात लिंगाच्या प्रश्नासाठी जी काही मिनिटे राखून ठेवलेली असतील ती वाढवावी लागतील.